केशराजाची नोंद

“काय दिसलं ते मला सांगू नको. आधी लिही.”

केंगारकाका एवढंच म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडं बघत बसले. मी तलावाच्या पूर्वेच्या कडेवरून धापा टाकत आले होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, चपला हातात. मी शेकाट्याची सतरा घरटी मोजून आले होते. लाल काड्यांसारख्या लांब पायांचा हा पक्षी उघड्या गाळावरच चार काटक्या टाकून अंडी घालतो आणि माणूस जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालत ओरडतो. तासभर माझ्या डोक्यावर ओरडा चालला होता. कधी एकदा सांगते असं मला झालं होतं, आणि ते ऐकून घ्यायला तयार नव्हते.

मी बांधावर बसून लिहिलं. तारीख, वेळ, पाणी कुठवर आहे, घरटी सतरा, त्यातली अंडी असलेली अकरा. लिहून झाल्यावर त्यांनी हात पुढं केला. मी वही दिली.

“राहू दे माझ्याकडं. परवा देतो.”

दर वेळी असंच व्हायचं. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं.

विष्णू केंगार पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. आमच्या गावच्या राणीच्या तलावाची पातळी रोज सकाळी बघायची आणि रजिस्टरात लिहायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. पातळी लिहिता लिहिता ते पक्षीही लिहायला लागले. निवृत्त झाले तेव्हा पातळीची रजिस्टरं खात्याकडं गेली, पक्ष्यांची त्यांच्याकडं राहिली. बावीस वर्षांची. बांधाच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं, तिथं एका पत्र्याच्या पेटीत ती असायची. पेटीला कुलूप. त्यांची बायको, सोनाकाकू, मला म्हणायची, “माझ्या दागिन्यांना कधी कुलूप नाही लावलं ह्यांनी.”

मी त्या वर्षी अकरावीला होते, सायन्सला. कॉलेजातून पाणवनस्पती गोळा करून आणायला सांगितलं होतं म्हणून फेब्रुवारीत तलावावर गेले, आणि काठच्या दगडगोट्यांत पाऊल टाकणार तेवढ्यात मागून आवाज आला, “पोरी, हलू नको.” माझ्या टाचेपासून वितीवर टिटवीची चार अंडी होती. दगडांत दगडासारखी. मी खाली बघत होते तरी मला दिसली नव्हती आणि त्या माणसाला वीस पावलांवरून दिसली होती. दुसऱ्या दिवशी मी वनस्पतींचं काम नसताना गेले. मग जातच राहिले.

त्यांची शिकवायची रीत विचित्र होती. दुर्बीण एकच होती, ती पहिले तीन महिने त्यांनी मला दिली नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी आकार, मग चाल, मग उडणं, रंग त्यानंतर, आणि नाव सगळ्यात शेवटी. थवा मोजायचा तर दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा नजरेनं उचलायचा आणि सगळ्या थव्यावर ठेवत ठेवत जायचं. पक्ष्यांचं पुस्तक त्यांच्या घरीच उघडायचं, तलावावर कधीच नाही. “पुस्तक हातात असलं की डोळे पुस्तकातलंच बघतात,” ते म्हणायचे. त्यांचा उजवा गुडघा गेलेला होता, म्हणून लांबच्या कडांवर मला पाठवायचे आणि स्वतः बांधावर बसायचे. परत आले की विचारायचे काहीच नाहीत. आधी लिही, मग वही दे.

रजिस्टराला मात्र हात लावायचा नाही. एकदा पेटी उघडी होती आणि मी सहज वाकले, तर त्यांनी झाकण पाडलं. “सरकारी सवय आहे,” म्हणाले. “नोंद करणाऱ्याशिवाय कुणी हाताळायचं नाही.”

दिवाळीनंतर आमच्या कॉलेजातल्या दळवीसरांनी मला स्टाफरूमबाहेर थांबवलं. ते झूलॉजी शिकवायचे, नवेच आले होते. त्यांच्या हातात जिल्ह्याचा पेपर होता.

“तू त्या केंगारांबरोबर तलावावर जातेस ना? हे वाचलंस?”

आतल्या पानावर दोन कॉलमांची बातमी होती. तलावाच्या पूर्वेच्या उथळ भागात भराव टाकून एका सहकारी संस्थेला गुदामांसाठी जागा द्यायची, असा प्रस्ताव होता. त्यावर जानेवारीत प्रांतसाहेब सुनावणी घेणार होते. त्याच बातमीत पुढं होतं, ‘याच भागात यंदा शेकाट्याची सतरा घरटी आढळल्याचे निरीक्षण श्री. विष्णू केंगार यांनी नोंदवले आहे.’

मी ती ओळ दोनदा वाचली.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“घरटी मी मोजली होती.”

“ते तुझ्याबरोबर होते?”

“नाही. ते बांधावर होते. चिखलात त्यांना जाता येत नाही.”

सरांनी पेपरची घडी केली. “तुझी वही कुठं असते?”

“बऱ्याचदा त्यांच्याकडंच.”

“हं,” ते म्हणाले. “मी काही बोलत नाही. पण संशोधनात हे फार चालतं. तू लक्ष ठेव.”

मी लक्ष ठेवायला लागले. न हलता बसायचं, बघतोय हे कळू न देता बघायचं, हे मी केंगारकाकांकडूनच शिकले होते. आता मी त्यांच्याकडंच तसं बघत होते.

“पेपरात आलंय काका,” मी दुसऱ्या दिवशी म्हणाले.

“आलंय खरं. पण निम्मं गाळलं छापणाऱ्यानं.”

निम्मं म्हणजे काय, ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, ह्यांना अजून मोठी बातमी हवी होती.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मी परत आले की ते स्वतः काय पाहिलं ते कधीच सांगत नाहीत, माझीच वही मागतात. दुर्बीण डोळ्याला लावतात तेव्हा कितीदा तरी भलतीकडंच बघत असतात. एका सकाळी बांधावर जीप उभी दिसली. संस्थेची दोन माणसं केंगारकाकांच्या अंगणात चहा घेत होती. मी आले तशी बोलणं थांबलं. जीप गेल्यावर मी विचारलं, “कोण होते?”

“तलावाचं काम होतं,” ते म्हणाले आणि कपबशा उचलून आत गेले.

घरी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, भर घातली. त्यांचं सायकलचं दुकान स्टँडसमोर होतं, गावातलं सगळं त्यांच्या कानावर यायचं. “केंगारला नोकरीत मेमो मिळाला होता म्हणे,” ते जेवताना म्हणाले. “पातळीच्या आकड्यांवरून काहीतरी. तू जातेस त्याला माझं काही नाही उजू, सोनाबाई असते तिथं. पण माणूस सरळ आहे का, ते बघून घे.”

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. मेमो आकड्यांवरून. माझे आकडे त्यांच्या पेटीत.

केशराजाबद्दल त्यांनीच मला सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या घरी पुस्तक चाळताना एक चित्र आलं. चिखलात चालणारा पक्षी, पण मानेभोवती पिसांचा एवढा मोठा घेर, जसा काही शाल फुलवून बसलाय.

“हा इथं येतो?”

“नाही.” त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. “मोठ्या तलावांवर थव्यानं उतरतो. आपल्याकडं कधी नाही. बावीस वर्षं दर हिवाळ्यात बघतोय. एखादा तरी उतरेल, चुकून का होईना.” मग हसले. ते फारसे हसायचे नाहीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी उत्तरेच्या कोपऱ्यावर गेले. लव्हाळ्यापाशी चिखल टोचत फिरणारे नेहमीचे तुतवार होते, दोन वंचक बगळे होते, बाकी काही नाही. मी एका दगडावर बसले आणि वहीत लिहिलं : सकाळी सात वीस. उत्तर कोपरा. केशराज, एक.

वर्णन लिहायला गेले तर पेन पुढं जाईना. न पाहिलेल्या पक्ष्याचं काय लिहायचं? तेवढंच ठेवलं.

बांधावर येऊन मी वही दिली. एरवी ते ती न बघता पिशवीत टाकायचे. त्या दिवशी उघडली. त्यांचा चेहरा मी बघत होते, आणि जे दिसलं त्याला मी लोभ असं नाव दिलं.

“कुठं म्हणालीस?”

“लिहिलंय. लव्हाळ्यापाशी.”

“वर्णन नाही लिहिलंस.”

“लगेच उडाला.”

“मग नाव कशावरून घेतलंस?”

“पुस्तकातल्यासारखा होता.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता विचारतील, चोच कशी, पाय कसे, उडताना पंखावर काय दिसलं. मी उत्तरं तयार करत होते. पण ते म्हणाले, “बरं,” आणि वही पिशवीत ठेवली.

पुढचे तीन दिवस ते उत्तरेच्या कोपऱ्यावर स्वतः गेले. काठी टेकत, दर पन्नास पावलांवर थांबत. कडाक्याची थंडी होती. सोनाकाकू मला म्हणाली, “रात्री गुडघा शेकून शेकून हात दुखले माझे. काय आहे गं तिकडं?” मी म्हणाले, मला काय माहीत. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून ते लव्हाळ्यासमोर उभे असायचे, तासन्‌तास. मी बांधावरून बघत होते. माझ्या मनात एकच होतं : स्वतः पाहिल्याचं सांगायची तयारी चाललीय.

जानेवारीत यादी टाइप होऊन आली. सुनावणीत द्यायची होती. केंगारकाकांनी ती मला वाचायला दिली, टायपिंगच्या चुका बघायला म्हणून. वर मोठ्या अक्षरांत : राणीचा तलाव, पक्ष्यांच्या नोंदी, सादरकर्ता विष्णू केंगार. खाली नावं, तारखा, संख्या. माझं नाव कुठंच नव्हतं. एकशे एकोणचाळिसाव्या क्रमांकावर केशराज होता. एक, उत्तर कोपरा.

“चूक आहे का काही?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

मला हवा होता तो पुरावा मिळाला होता. कुणाला सांगायचा, कधी सांगायचा, ते मात्र मी ठरवलं नव्हतं. दळवीसरांना सांगायचं असं दोनदा मनात आलं आणि दोनदा स्टाफरूमच्या दारातून परत फिरले.

सुनावणी तहसील कचेरीच्या मोठ्या खोलीत होती. वीस-पंचवीस माणसं, अर्धी उभी. मी आण्णांबरोबर मागच्या बाकावर होते. टेबलामागं प्रांतसाहेब, एका बाजूला संस्थेचे वकील, दुसऱ्या बाजूला केंगारकाका, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि मांडीवर रजिस्टर. यादी तपासायला म्हणून कॉलेजातून दळवीसरांना बोलावलं होतं. त्यांच्यासमोर तेच पुस्तक होतं, कॉलेजच्या लायब्ररीतलं.

वकिलांनी आधी मेमोचा विषय काढला. केंगारकाका उठून म्हणाले, “मिळाला होता. पातळी दोन फूट जास्त लिही म्हणाले होते, मी लिहिली नाही. कागद आणलाय.” त्यांनी कागद दिला. प्रांतसाहेबांनी वाचला आणि बाजूला ठेवला. “पुढं चला.”

मी आण्णांकडं बघितलं.

दळवीसर यादीवरून बोट फिरवत होते. “बहुतेक नोंदी मला बरोबर वाटतात, सर. एकच विचारायचंय. क्रमांक एकशे एकोणचाळीस. केशराज. बावीस वर्षांत ह्याची ही एकच नोंद आहे, आणि नेमकी सुनावणीच्या आधी महिनाभर.” ते केंगारकाकांकडं वळले. “तुम्ही पाहिलात?”

“मी नाही.”

“मग?”

“उज्ज्वला तोडकर हिनं. रजिस्टरात प्रत्येक नोंदीपुढं पाहणाऱ्याचं नाव आहे. यादीच्या छापील नमुन्यात तो रकाना नव्हता, म्हणून तिथं आलं नाही. पेपरवाल्याला पण मी दोन्ही नावं दिली होती.”

“पण तुम्ही स्वतः न बघता लिहिलंत?”

“तीन दिवस शोधला. मला नाही दिसला. पण तिला दिसलाय. ती न बघता लिहीत नाही.”

खोलीतली माणसं मागं वळून बघायला लागली. प्रांतसाहेब म्हणाले, “कोण ती? पुढं ये, बाळ.”

मी पुढं गेले. चालताना रजिस्टराचं उघडं पान मला दिसलं. केंगारकाकांचं ठसठशीत अक्षर, आणि उजवीकडच्या अरुंद रकान्यात उ. तो., उ. तो., उ. तो., पार खालपर्यंत.

“तू पाहिलास हा पक्षी?” प्रांतसाहेबांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर यादी तिथंच संपली असती, असं मला वाटलं. केंगारकाका संपले असते. मला त्यांना वाचवायचं होतं. त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं, शपथेवर सांगते.

“हो,” मी म्हणाले. “पाहिला.”

“कसा होता?”

“मैनेपेक्षा मोठा. चिखलात चालत होता. आणि मानेभोवती पिसांचा मोठा घेर होता. फुललेला.”

दळवीसरांनी पुस्तकाचं पान उघडलं, प्रांतसाहेबांसमोर सरकवलं. चित्र मला उलटं दिसत होतं. “बरोबर आहे, सर. असाच असतो. माझी काही हरकत नाही.”

प्रांतसाहेबांनी मान हलवली. वकिलांनी पुढचा कागद घेतला. झालं होतं. मी मागं वळणार तेवढ्यात केंगारकाका पुन्हा उठले. काठी घ्यायला वेळ लागला त्यांना.

“साहेब, ती नोंद खोडा.”

“का? सरांनी मान्य केलीय.”

“सरांनी चित्र बघितलंय. तो घेर उन्हाळ्यात येतो, तिकडं उत्तरेला, विणीच्या वेळी. आपल्याकडं यायच्या आधी ती पिसं झडतात. डिसेंबरात हा पक्षी असा दिसत नाही.” ते माझ्याकडं बघत नव्हते. “नोंद खरी नाही.”

वकील लगेच उभे राहिले. “म्हणजे यादीत खोट्या नोंदी आहेत, हे सादर करणाराच सांगतोय.”

“एक आहे,” केंगारकाका म्हणाले. “सापडली. ती खोडा.”

“आणि बाकीच्या? ह्या मुलीच्या किती आहेत?”

त्यांनी रजिस्टर चाळलं. “त्रेसष्ट.”

“त्यातल्या फक्त तिनंच पाहिलेल्या, इतर कुणी न पाहिलेल्या?”

“दोन पक्षी.” त्यांनी पान उलटलं. “आणि पूर्वेची घरटी.”

त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं की भराव पूर्वेला पडणार होता, आणि तिथं पक्षी वीण करतात एवढीच एक गोष्ट संस्थेच्या आड येत होती. इतर पक्षी काय, पश्चिमेच्या पाण्यावरही बसले असते.

प्रांतसाहेबांनी मला विचारलं, “बाळ, केशराज पाहिला होतास का नव्हता?”

“नव्हता.”

“मग का लिहिलंस?”

मागं आण्णा होते. दळवीसर समोर होते. मी टेबलाच्या कडेकडं बघत सांगितलं. “मला वाटलं होतं, काका माझ्या नोंदी स्वतःच्या नावावर लावतात. बघायला लिहिलं. खोटी लिहिली तर तीही लावतात का.”

प्रांतसाहेबांनी यादी पुन्हा पुढं ओढली.

“घरटी?” प्रांतसाहेबांनी विचारलं.

“घरटी खरी आहेत. सतरा होती. मी मोजली.”

त्यांना माझी दया आली असावी. आवाज मऊ होता. “असतीलही. पण आता मी कशावरून धरू?” मग केंगारकाकांकडं वळून, “तुम्ही पाहिलीत ती घरटी? एकदा तरी? बांधावरून?”

मी घरटी मोजली त्या जूनच्या दिवशी काका बांधावरच होते. दुर्बीण होती. हो म्हणाले असते तर विचारणारं कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, हो म्हणा.

“पक्षी उडताना दिसत होते,” ते म्हणाले. “घरटी दिसली नाहीत. मधे गवत होतं.”

प्रांतसाहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यामागं गेले. “काका,” एवढंच म्हटलं. ते पायऱ्या एकेक करून उतरत होते. शेवटच्या पायरीवर थांबले.

“जीपवाले आले होते ना त्या दिवशी,” ते म्हणाले, “म्हणत होते, घरट्यांची ओळ काढा, बाकी यादी आम्हीच मांडतो. मी नाही म्हणालो.” मग काठी पुढं टेकवत, “मला विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर रजिस्टर दाखवलं असतं.”

आणि गेले. आण्णांनी मला सायकलवर डबलसीट घरी आणलं. घरी आईला फक्त म्हणाले, “जेवायला वाढ तिला.”

मी दुसऱ्या दिवशी तलावावर गेले. का गेले, ते मला नीट सांगता येत नाही. न जाणं जास्त अवघड होतं. केंगारकाका बांधावर नेहमीच्या जागी होते. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. मी दहा हातांवर बसले. त्यांनी वही मागितली नाही. असे किती दिवस गेले मी मोजले नाहीत. मी कडांवर जाऊन येत होते, लिहीत होते, वही माझ्याच पिशवीत राहत होती. सोनाकाकू मधूनच चहा आणून आमच्या मधोमध ठेवायची आणि दोघांकडं बघून परत जायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हुकूम आला. पूर्वेचा अठरा एकर भाग संस्थेला मिळाला. चौथ्या दिवशी मुरमाचे ट्रक यायला लागले. गाळ तडकलेला होता, त्यावर लाल मुरूम पडत होता. शेकाटे परत यायला अजून दोन-तीन महिने होते.

त्यातल्याच एका सकाळी मी दक्षिणेच्या वळणावरून परत आले. तिथं पाण्याच्या काठावर चमचा उभा होता, एकटाच. पांढराशुभ्र, चपट्या चोचीनं पाणी इकडून तिकडं हलवत. त्या हिवाळ्यात तो आम्हाला एकदाही दिसला नव्हता. मी बांधावर आले, लिहिलं, ह्या वेळी सगळं. उंची, चोच, पाय, काय करत होता. आणि गप्प बसले.

“काय आहे तिकडं?” केंगारकाकांनी विचारलं. महिन्यापेक्षा जास्त दिवसांनी.

“चमचा. एक.”

ते काठीवर जोर देऊन उठले. “चल.”

दक्षिणेचं वळण मला पाच मिनिटांचं होतं. त्यांना पाऊण तास लागणार होता. मी त्यांच्यामागं चालत होते. ते थांबले की थांबत होते. पलीकडं ट्रक मागं घेताना ओरडत होते, मुरूम पडला की धूळ उठत होती. माझ्या मनात एकच चाललं होतं : थांब. आम्ही पोचेपर्यंत थांब. वळणाच्या अलीकडं एक बाभळ होती. ती ओलांडली की काठ दिसतो. बाभळीपाशी पोचायला वीस-एक पावलं असतील, तेवढ्यात एका ट्रकचा फाळका धाडकन आपटला. पाण्यावरचे सगळे तुतवार एकदम उठले.

आम्ही बाभळीपलीकडं गेलो. काठ मोकळा होता.

“इथं होता,” मी म्हणाले. “इथंच, ह्या दगडापाशी.” माझा आवाज मलाच खोटा वाटला.

केंगारकाकांनी दुर्बीण लावली. पाणी, पलीकडचा काठ, आभाळ. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग चिखलाकडं बघितलं. तिथं बगळ्यांच्या, तुतवारांच्या, कुत्र्यांच्या पावलांचा नुसता गोंधळ होता. त्यातून काही वाचता येण्यासारखं नव्हतं. बराच वेळ ते काठीवर रेलून उभे राहिले. गुडघ्यावरून हात फिरवला.

मग त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून रजिस्टर काढलं. तलावावर ते रजिस्टर कधी आणत नसत, त्या दिवशी आणलं होतं.

“किती वाजले होते?”

“सात पन्नास.”

“एकच?”

“एकच.”

त्यांनी रजिस्टर डाव्या हातावर धरलं आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले. मी त्यांच्या शेजारीच होते, मान थोडी वळवली असती तर उजवीकडच्या रकान्यात काय लिहितात ते दिसलं असतं. मी तलावाकडं तोंड करून उभी राहिले आणि त्यांचं लिहून होईपर्यंत तुतवार मोजत राहिले.